भावजींना बरं नाही

लाँड्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान येतं. ही तसली लाँड्री नव्हती. इथे हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल आणि वसतिगृहांचे अभ्रे ट्रक भरभरून येत आणि धुऊन, वाळवून, घड्या घालून परत जात. एका टोकाला मळक्या गठ्ठ्यांचा ढीग, दुसऱ्या टोकाला पांढऱ्या घड्यांच्या चळती, आणि मधे एवढी मशीनं की शेजारच्याशी बोलायचं तरी कानाशी तोंड न्यावं लागे. नव्या माणसाला पहिले काही दिवस क्लोरीनने ठसका लागे, डोळ्यांतून पाणी येई. मग नाक मरे आणि माणूस कायम होई.

बाई तिथे टॉवेलांच्या घड्या घालायला लागल्या तेव्हा त्यांची मुलगी शाळेत जात होती. पुढे मुलगी लग्न होऊन लांब गेली. नवरा त्याआधीच बदलीच्या गावी गेला होता आणि तिथलाच होऊन राहिला होता. घरात सांभाळायला कोणी उरलं नाही, तेव्हा बाईंनी लाँड्री सांभाळायला घेतली असं लोक म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. त्या दिवसपाळीच्या सुपरवायझर झाल्या. कोणाचं मूल तापाने फणफणलंय, कोणाची सासू अंथरुणाला खिळलीय, कोणाचा नवरा घर सोडून गेलाय, सगळं त्यांना ठाऊक असे. एखादी उशिरा आली तर त्या तिला चारचौघांत झापत आणि दुपारी आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवत. माणूस तोडायचा नाही, ही त्यांची एकच रीत. चांगली रीत आहे, कोण नाही म्हणेल? फक्त त्या रीतीने काय काय होऊ शकतं ते आधी कोणी सांगत नाही.

भावजी खरं म्हणजे एकीचेच भावजी होते. त्यांची मेहुणी पूर्वी इथे घड्या घालायला होती. ती दिवसभर भावजी ट्रॉली ढकला, भावजी तुमचा रोलर झोपला का, असा धोशा लावायची. ती लग्न करून गेली आणि नाव मागे राहिलं. रोलरवरच्या त्यांच्या जोडीदारीण, ज्यांना सगळे आत्या म्हणत, त्या वयाने मोठ्या असूनही त्यांना भावजीच म्हणू लागल्या. मग कारकून म्हणू लागला, मग ट्रकवाले. त्या हिशेबाने त्यांची बायको साऱ्या लाँड्रीची ताई झाली. एवढी मोठी सासुरवाडी कोणाला मिळालेली नाही, असं भावजीच म्हणायचे.

रोलर म्हणजे तापलेले लांबलचक आडवे दंडगोल. ओली चादर एकीकडून आत द्यायची, दुसरीकडून ती कोरडी, सपाट आणि ऊन ऊन बाहेर येते. द्यायला दोघं लागतात. चादरीचं एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या; एकाच वेळी ताणायची, एकाच वेळी सोडायची. एकाचा हात मागे राहिला की चादर तिरकी जाते आणि जन्माच्या चुण्या घेऊन बाहेर पडते. भावजी आणि आत्या एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. आत्या आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगत, भावजी मान डोलवत, आणि चादरी आरशासारख्या निघत. बाई येता-जाता तिथे क्षणभर थांबत, उगीचच.

आणि भावजी पीत. पिणाऱ्याकडे कारणं पुष्कळ असतात. भावजींकडे सांगण्यासारखं एकही नव्हतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटे. आधी संध्याकाळी, मग सुट्टीच्या दुपारी, मग कामावर येण्याआधी. झुलत आले की आत्या बाईंच्या कानाशी तोंड नेऊन सांगत, भावजींना बरं नाही. दारूचं नाव लाँड्रीत कोणी काढत नसे. खरोखर ताप आलेल्या माणसाला ताप आलाय म्हणत, पाठ धरलेल्याला पाठ धरलीय म्हणत. बरं नाही, हे फक्त भावजींसाठी राखून ठेवलेलं होतं.

ते शब्द कानावर आले की पुढचं सगळं आपोआप होई. दोघं जण त्यांना टॉवेलांच्या खोलीत नेत. गठ्ठ्यांवर कुशीवर निजवत, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकायला नको. डोक्याशी बादली ठेवत, अंगावर चादर टाकत, दार ओढून घेत. रोलरवर दुसरं कोणीतरी उभं राही. भावजी दर वेळी हात सोडवत तेच म्हणत, की बाई, मी घेतली नाही, शप्पथ. बाईही तेच म्हणत, की हो हो, नाही घेतली, झोपा आता. दुपार कलेपर्यंत उतरे. मग भावजी तोंड धुऊन, पेपरमिंटची गोळी चघळत रोलरवर येत आणि मान वर न करता उरलेल्या चादरी काढत. लोक चुकांवर पांघरूण घालतात ते नुसतं म्हणायला. बाईंनी घातलेलं पांघरूण खरोखरचं होतं, आणि वर कडक धुतलेलं.

याला त्या सांभाळून घेणं म्हणत. ताईसुद्धा तेच म्हणे. ती कधीमधी फाटकाशी येऊन बाईंचे हात हातात घेई आणि म्हणे, तुम्ही आहात म्हणून निभतंय. बाईंना ते ऐकायला आवडे. खोटं कशाला सांगा, फार आवडे.

भावजी बाटली कुठे ठेवतात ते मात्र कोणाला सापडलं नव्हतं. ती घडीच्या चादरींच्या चळतीत असे. कोणती चळत ते ओळखायला भावजी वरच्या चादरीचा कोपरा दुमडून ठेवत. एके दिवशी घड्या घालणाऱ्या कोणा नीटनेटकीने तो कोपरा सरळ केला. चळत ट्रकमध्ये चढली आणि बाटली बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन निघाली. लाँड्रीत हसून हसून लोकांची पोटं दुखली. बाळाच्या बापाची सोय झाली, असं आत्या म्हणाल्या. साहेब मात्र हसले नाहीत.

साहेब म्हणजे मॅनेजर, नवीनच आलेले, वयाने बाईंच्या मुलीएवढे. हॉस्पिटलने काम काढून घेण्याची भाषा केली होती. त्यांनी मुख्य ऑफिसातून एक मॅडम बोलावल्या आणि सगळ्या सुपरवायझरांना त्यांच्यापुढे बसवलं. कामावर कोणी पिऊन आला तर कसं ओळखायचं, ते मॅडमनी सांगितलं. पाय लटपटतात, जीभ जड होते, हातातली वस्तू सुटते, बोलणं कळेनासं होतं. बाई मनात म्हणाल्या, हे मला शिकवता? मॅडमनी पुढेही सांगितलं, की ओळखलं म्हणून स्वतःच निवाडा करू नका, झाकू नका, लगेच कळवा आणि त्या माणसाला डॉक्टरला दाखवा. पिणं हा आजार आहे, आणि ही लक्षणं दुसऱ्या आजाराचीही असू शकतात. तेवढं नवशिक्यांसाठी असेल असं बाईंनी धरलं.

मग साहेबांनी बाईंना आणि भावजींना आपल्या खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. भावजींनी उपचार घ्यायचे, तोवर नोकरी शाबूत राहील असं ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. फक्त निघताना त्यांनी बाईंना थांबवून घेतलं.

"आणखी एकदा सापडले तर मला काढावंच लागेल, बाई. तेव्हा माझ्याकडे शब्द टाकू नका."

भावजी दारूतून सुटले. कोणाचा विश्वास बसला नाही, पण सुटले. सुरुवातीला उपचारांसाठी दवाखान्यात राहिले, परत आले तेव्हा गालफडं बसली होती आणि हात कापत होते. हळूहळू हात थांबले. आत्यांच्या सुनेच्या गाऱ्हाण्यांना ते आता नुसती मान न डोलवता उलट सुनेची बाजू घेऊ लागले, त्यावरून रोलरवर भांडणं होऊ लागली. दारूची तलफ मारायला दिवसभर पेपरमिंट चघळत. ताई एकदा डबा द्यायला फाटकाशी आली तर तिने केसांना रंग लावला होता. बाईंनी तिची थट्टा केली आणि ती लाजली. त्या संध्याकाळी बाईंनी मुलीला फोन करून सगळं सांगितलं, जसं काही भावजी त्यांच्याच पोटचे. आयुष्यात आपण धरून ठेवलेलं एक तरी माणूस हातात राहिलं, असं त्यांना वाटत होतं. भावजी टिकले पाहिजेत, एवढं एकच त्या तेव्हा मागत होत्या.

मधे भावजी म्हणाले होते, की डोकं मागून दुखतं, कोणी धरून ठेवल्यासारखं. दवाखान्यातून त्यांना रक्तदाबाच्याही गोळ्या दिल्या होत्या, त्या ते खात नव्हते. एका वेळी एकच आजार पुरे, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, शरीर दारू मागतंय, लक्ष देऊ नका, जाईल. आणि पर्समधली डोकेदुखीची गोळी दिली.

ज्या हॉस्पिटलात बाटली निघाली होती, तिथली माणसं एका सकाळी लाँड्री बघायला येणार होती. साहेबांनी फरशा घासून घेतल्या, सगळ्यांना नवे एप्रन दिले. भावजी वेळेवर आले, आत्यांना गमतीने सलाम ठोकून रोलरवर उभे राहिले. पाहुण्यांची गाडी फाटकात शिरत असतानाच एक चादर तिरकी गेली. मग दुसरी. तिसरीचं टोक भावजींच्या हातून सुटलं आणि ते बघत राहिले, जसा काही तो हात दुसऱ्याचा होता. पाऊल टाकायला गेले आणि लटपटले.

आत्यांनी बाईंच्या कानाशी तोंड नेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाई, भावजींना बरं नाही."

बाई धावल्या. भावजींचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, लाळ गळत होती. बाईंनी नाक जवळ नेलं. पेपरमिंटचा वास आला. इतक्या वर्षांच्या क्लोरीनने मेलेलं ते नाक, त्याला पेपरमिंट कळला हेच पुष्कळ. पण पूर्वी भावजी वास मारायला पेपरमिंटच खात, आणि बाईंना तेवढं पुरलं.

"घे... नाही," भावजी म्हणाले. "बाई... घेतली... नाही."

बाईंना इतका राग कधी आला नव्हता. फसवलं जाण्याचा राग, आणि त्याखाली रडू.

"आजच्याच दिवशी, भावजी?" त्या म्हणाल्या. "गप्प पडून राहा. आवाज केलात तर नोकरी गेली समजा."

पुढचं सगळं आपोआप झालं. गठ्ठे, कूस, बादली, चादर, दार. उजवा हात लोंबत होता तो कोणीतरी उचलून अंगाशी ठेवला. पाहुणे आत आले तेव्हा बाई त्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. पाहुण्यांत हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर होत्या, केस पिकलेल्या, नजर करडी. त्यांनी प्रत्येक चळतीवरून हात फिरवला, मशीनं बघितली, आणि बाईंपाशी येऊन विचारलं, या खोलीत काय आहे? धुतलेले टॉवेल, असं बाईंनी सांगितलं. सिस्टर बरं म्हणाल्या आणि पुढे गेल्या. भावजींपासून त्या हातभर अंतरावर होत्या. त्यांनी दार उघडलं असतं तर एका नजरेत ओळखलं असतं.

पाहुणे खूश होऊन गेले. साहेब बाईंशी हसून बोलले. एरवी बाई मधून मधून त्या खोलीत डोकावून येत, पण त्या दिवशी त्या मुद्दामच गेल्या नाहीत. त्यांना भावजींचं तोंड बघायचं नव्हतं. पडू दे, उतरू दे, मग बघते, असं त्या दिवसभर स्वतःशी म्हणत होत्या. दुपार कलली तेव्हा आत्या बघायला गेल्या आणि परत येऊन त्यांनी बाईंना हाताला धरून आत नेलं.

भावजींचे डोळे उघडे होते. डाव्या हाताने त्यांनी चादर ओढून ओढून पार दाराच्या दिशेला नेली होती. ते स्वतः हलू शकले नव्हते.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने त्यांना तपासलं, आत नेलं, पुष्कळ वेळाने बाहेर आला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकल्याचं त्याने सांगितलं. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. हे कधी सुरू झालं, असं त्याने विचारलं. बाईंनी सकाळी म्हणून सांगितलं. मग सकाळीच का नाही आणलंत, लगेच आणलं असतं तर इलाज होता, असं तो म्हणाला.

"आम्हाला वाटलं, त्यांना बरं नाही," बाई म्हणाल्या.

बरं नाही असं वाटलं तर लगेच आणायला हवं होतं, असं काहीतरी डॉक्टर म्हणाला. तेव्हा बाईंना कळलं की हे शब्द लाँड्रीच्या फाटकाबाहेर कोणाला कळत नाहीत. बाहेर त्यांचा अर्थ बरं नाही एवढाच होतो. त्यांनी खालच्या आवाजात दारूबद्दल विचारलं. दारूचा रक्तात टिपूस नव्हता.

लाँड्रीत मात्र भावजींनी घेतलीच होती असं ठरलं. कोणी ठरवलं नाही, ठरलं. आत्या तसं मनापासून मानत होत्या, त्यांनीच ताईला तसं सांगितलं होतं. ज्यांनी उचलून नेलं ते मानत होते. न मानून करणार काय? मग आपण एका आजारी माणसाला दिवसभर कोंडून ठेवलं असा हिशेब झाला असता. बाईंना खरं ठाऊक होतं आणि त्या गप्प होत्या. फक्त साहेबांना त्यांनी सांगितलं. साहेबांनी विचारलं, की तेव्हाच मला का नाही बोलावलं?

"तुम्ही काढून टाकलं असतं."

"टाकलं असतं, बाई. पण आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं."

त्यानंतर बाईंना झोप लागेनाशी झाली. जेवण जाईना. कामावर त्या कोणाला झापत नसत, त्यामुळे लोकांना त्या जास्तच भल्या वाटू लागल्या. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्या भावजींच्या घरी गेल्या.

दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत खाट, खाटेवर भावजी, उजवा हात उशीवर ठेवलेला. ताईच्या केसांचा रंग मुळाशी उतरला होता. बाईंना बघून तिने खुर्ची पुसली, चहा केला, आणि पुन्हा तेच म्हणाली, की इतकी वर्षं तुम्ही सांभाळून घेतलंत, तुमचे उपकार आहेत. मग भावजींकडे हात करून तिने त्यांच्या देखत सुरू केलं. सगळं सोडलं सोडलं म्हणून ह्यांनी फसवलं. मी वेडी, डबे घेऊन फाटकाशी जात होते. आता उचलायचं, पुसायचं, भरवायचं, हे माझ्याच नशिबी. ती ओरडत नव्हती. तिला ते पाठ झालं होतं, आणि त्याच्यावरच ती दिवस रेटत होती हे दिसत होतं.

भावजींनी मान हलवली. "ना," ते म्हणाले. "ना... ना..."

"बघा," ताई म्हणाली. "अजून नाहीच म्हणतात."

भावजी बाईंकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर बाईंना सोसला असता. राग नव्हता, ते नुसते वाट बघत होते.

"ताई, त्यांनी घेतली नव्हती," बाई म्हणाल्या.

ताईला आधी कळलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं, सकाळपासून दुपारपर्यंतचं सांगितलं, दाराला पाठ लावून उभं राहिल्याचं सांगितलं. काही लपवलं नाही आणि स्वतःची बाजूही मांडली नाही, कारण बाजू नव्हतीच. ताई ऐकत होती. तिच्या हातातली वाटी तशीच होती, बिस्कीट कालवलेल्या दुधाची.

"ह्यांनी तेव्हा सांगितलं होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"सांगितलं होतं."

ताईने मान खाली घातली. मग बोलली ती बाईंशी नव्हे.

"घरी आणल्यापासून हे ना ना करतायत," ती म्हणाली. "आणि मी रोज म्हणते, आता तरी खोटं बोलू नका."

ती शिव्या देईल, हाकलून लावेल, अशी तयारी करून बाई आल्या होत्या. ताईने त्यातलं काहीच केलं नाही. ती खाटेच्या कडेवर बसली, दुधाचा चमचा भरला आणि भावजींच्या ओठांशी नेला. भावजींनी तोंड उघडलं नाही. डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडे जात होतं आणि ते भिंतीकडे बघत होते. दूध उशीवर सांडलं, तिने पुन्हा चमचा भरला. बाईंना तिथून जा असं कोणी म्हणालं नाही, आणि बसा असंही कोणी म्हणालं नाही.